इस्त्री डॉक्टरांची खुर्ची आणि तीन मुठी कापूस

आमच्या गावात एक डॉक्टर होते. त्यांना दात काढता येत नसे, ताप उतरवता येत नसे, आणि एकदा त्यांच्या बायकोच्या बोटात काच शिरली तेव्हा ती शेजारच्या शिंपिणीने सुईने काढून दिली. पण धंदा मात्र जोरात. कोणाच्या मुलाचा जीव मुलावर जडला, कोणाच्या मुलीचा मुलीवर, की आईबाप त्याला दंडाला धरून यांच्या दारात उभे करत आणि म्हणत, "डॉक्टर, एवढं सरळ करून द्या." म्हणून सगळं गाव त्यांना इस्त्री डॉक्टर म्हणे. तोंडावर नाही हं. तोंडावर 'डॉक्टरसाहेब'.

इस्त्री जास्त वेळ ठेवली की कापडाचं काय होतं, ते पोस्टमनच्या भाच्याकडे बघून कळे. तो यांच्या हाताखालून असा सरळ होऊन निघाला की त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येईना. हसताही येईना, कारण हसताना ओठ वाकडे होतात. डॉक्टरांनी त्याचा फोटो काढून हॉलमध्ये टांगला आणि खाली पट्टी लावली, 'यशस्वी'. फोटोत तो जसा बघतो तसाच तो एरवीही बघतो. पोस्टमन पत्रं द्यायला आला की त्या भिंतीकडे पाठ करून उभा राहायचा.

आता डॉक्टरांच्या घराविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही तुम्ही खरं मानणार नाही. तसंही मानणार नाहीच, पण माझं काम सांगायचं.

आमचं गाव तीन देशांच्या शिवेवर आहे. शिवा कुठून जातात हे गावात कोणी विचारत नाही, कारण उत्तर ऐकायला थांबलं तर दूध उतू जातं. पण डॉक्टरांचं घर बरोबर तिन्ही शिवा मिळतात तिथे. स्वयंपाकघर वरच्या देशात, हॉल खालच्या देशात, निजायची खोली बाजूच्या देशात. त्यांच्या आजोबांनी ते मुद्दामच तसं बांधलं होतं. एका देशाचा वसुली अधिकारी आला की म्हातारा कूस बदलून दुसऱ्या देशात निजायचा. घराण्यात अक्कल होती, फक्त ती सगळी सटकण्यात खर्च झाली.

नातवाने तीच विद्या पुढे चालवली. सुरुवातीला त्यांची ती मोठी खुर्ची, मोडीत निघालेल्या दवाखान्यातून आणलेली, खाली चाकं, वर हात बांधायचे पट्टे, स्वयंपाकघरात होती. मग वरच्या देशाने कायदा केला: माणसाचं प्रेम बदलण्याचे हे असले उपचार कोणीही, कोणावरही करायचे नाहीत. डॉक्टरांनी खुर्ची ढकलली, आणली हॉलमध्ये. खालच्या देशाने कायदा केला: डॉक्टरांनी असले उपचार करायचे नाहीत. यांनी पांढरा कोट काढून खुंटीला लावला आणि दारावरची पाटी बदलली: 'सल्लागार'. सल्लागारांना बंदी नव्हती ना! मग त्या देशाने अठरा वर्षांखालच्यांना बंदी घातली. हे म्हणाले, "हरकत नाही, थांबू." एका मुलीला तिच्या अठराव्या वाढदिवशी सकाळी केक कापायच्या आधीच इथे आणून बसवलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. अखेर खालच्या देशानेही सरसकट बंदी केली, तेव्हा खुर्ची निजायच्या खोलीत गेली.

"अहो, मी निजू कुठे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"वरच्या देशात," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांची उशी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

हॉलमध्ये पृथ्वीचा एक गोल होता. डॉक्टर रोज सकाळी पेपर वाचून त्याच्यावर टाचण्या टोचत. लाल म्हणजे पूर्ण बंदी. पिवळी म्हणजे मुलांपुरती बंदी, मोठ्यांचं काय ते त्यांनी बघून घ्यावं. निळी म्हणजे डॉक्टरांना बंदी पण भोंदूंना मोकळीक. आणि जिथे टाचणीच नाही तिथे कायदाच नाही, आणि असे देश अजून ढिगाने. "जग बिघडत चाललंय," ते मला म्हणायचे. मी रोज त्यांच्या हॉलमध्ये पेपर फुकट वाचायला जायचो, त्यामुळे मान डोलावणं भाग होतं. "पण घाबरू नका. जग मोठं आहे. आणि कुठे कायदा झाला तरी त्यात कुठेतरी फट असतेच." कोणत्याही वकिलाला नसेल इतका त्यांचा कायद्याचा अभ्यास. माणसांचा अभ्यास त्यामानाने राहून गेला.

मग बाजूच्या देशानेही लाल टाचणी मिळवली.

दोन दिवस डॉक्टर जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी न्हाणीघराकडून हर्षाची आरोळी आली. त्यांना आजोबांची गोष्ट आठवली होती. तिन्ही देशांचे मोजणीदार जेव्हा शीव नव्याने आखायला घरात आले, तेव्हा आजोबांचं पोट बिघडलेलं होतं आणि ते संडासात होते. मोजणीदारांनी दार वाजवलं. आजोबा आतून म्हणाले, "थांबा." मोजणीदार संध्याकाळपर्यंत थांबले. शेवटी तिघांनीही संडास तेवढा सोडून त्याच्या भोवतीने रेघ नेली आणि निघून गेले. तेव्हापासून तो संडास कोणत्याच देशात नाही. तिथे कोणाचाही कायदा लागत नाही.

झालं. खुर्ची संडासात गेली. भिंतीला भिंत घासून बसली, मुंगी शिरेल एवढीही जागा उरली नाही. रुग्ण खुर्चीत आणि डॉक्टर समोर, झाकण लावलेल्या भांड्यावर, गुडघ्याला गुडघा टेकवून. घरच्या माणसांची सोय शेजाऱ्यांकडे. डॉक्टरांचं एक विजेचं खोकंही होतं, रुग्णाच्या मनगटाला लावून झटके द्यायचं, पण संडासात वीज नव्हती आणि वायर स्वयंपाकघरातून ओढली तर वीज वरच्या देशाची, म्हणजे गुन्हा. म्हणून उपचार नुसते तोंडी. तोंड त्यांचं पुरेसं होतं.

वरचा देशही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यांनी एक पोलीसबाई स्वयंपाकघरात आणून बसवली. बाई तिथे चहा पीत, डॉक्टरीणबाईंना मटार सोलू लागत, आणि एक डोळा संडासाच्या उंबऱ्यावर ठेवत. उंबऱ्याच्या अलीकडे एक पाऊल पडून डॉक्टर उपचाराचं एक अक्षर बोलले, की बेडी.

"बाई, त्यांचं नुसतं तोंड बाहेर आलं तर?" मी विचारलं.

"पाय बघायचे असा हुकूम आहे," त्या म्हणाल्या. "तोंडाचं वरिष्ठांना विचारावं लागेल."

अशा त्या संडासात एके सकाळी गादीवाल्यांनी आपल्या मुलाला आणलं.

गादीवाले म्हणजे गावातल्या प्रत्येक पाठीचे मालक. आम्ही सगळे त्यांच्याच कापसावर निजतो. बायको मुलाच्या लहानपणीच गेली. पोराला त्यांनी कापसाच्या ढिगाऱ्यावर झोपवून वाढवलं, म्हणून गाव त्याला उशी म्हणे. आता चांगला दाढीमिशीवाला झाला तरी उशीच. दुकानात बापाच्या समोर बसून टाके घाले. आणि दुकानाच्या समोर एक किल्लीवाला बसे, त्याच्याकडे बघत टाके घाले. टाके तरीही सरळ येत, हे विशेष. गावाला वर्षभर आधी कळलं होतं. बापाला कळलं ते एका संध्याकाळी, दुकानाची किल्ली हरवली आणि मुलाच्या खिशातून किल्लीवाल्याने करून दिलेल्या चार जादा किल्ल्या निघाल्या तेव्हा. भेटायला निमित्त लागतं ना!

गादीवाले ओरडले नाहीत. त्यांनी मुलाशी बोलणं बंद केलं. ताट वेगळं केलं, दिवा वेगळा केला. आणि एक दिवस भिंतीकडे बघत म्हणाले, "डॉक्टरांच्या पंधरा बैठका कर. नाहीतर तुझी गादी गुंडाळून दाराबाहेर ठेवीन."

बाप की किल्लीवाला, एवढाच प्रश्न होता. जगात रक्ताचं माणूस एकच. उशी म्हणाला, "चला."

पहिल्या बैठकीला मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. संडासाचं दार उघडं ठेवावं लागे, कारण बंद केलं तर डॉक्टरांचा श्वास कोंडे. त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर सुरुवातीला गोड बोलले. मग म्हणाले, "तुझी आई असती तर आज लाजेने मेली असती."

उशी म्हणाला, "ती मेलेलीच आहे, डॉक्टर."

"बघ," डॉक्टर म्हणाले, "तिला आधीच कळलं असणार."

पोलीसबाईंच्या हातातला मटाराचा दाणा फुटला. पण डॉक्टरांचे पाय संडासात होते.

उशी घरी गेला, जेवला नाही. रात्रभर कुशीवर वळत राहिला. सकाळी बापाने बोलणं बंद असूनही विचारलं, "काय झालं?"

काय सांगणार? आईबद्दलचं वाक्य बापाला कसं सांगायचं? पोरगा म्हणाला, "टोचतं."

"काय टोचतं?"

"खुर्ची."

आता इथे दुसरा कोणी बाप असता तर त्याला कळलं असतं की पोराला खुर्ची टोचत नाहीये. पण गादीवाल्यांना जगातल्या कोणत्याही टोचण्याचं एकच कारण माहीत होतं आणि त्यावर एकच उपाय. त्यांनी त्याच दुपारी डॉक्टरांकडे जाऊन खुर्चीचं माप घेतलं आणि दुकानाचं अर्धं दार ओढून बसले.

गादीवाल्यांची एक रीत होती. गिऱ्हाईक सांगेल तेवढा कापूस भरायचा आणि शेवटचा टाका घालायच्या आधी एक मूठ वर. वजनात न धरलेली. "ती झोपेची," म्हणायचे. त्यांच्या बापाचीही तीच रीत. आणि दुसरी रीत अशी, की कोणासाठी म्हणून एकदा घातलेला कापूस परत काढायचा नाही. गिऱ्हाईक 'फार फुगली' म्हणून परत घेऊन आलं तर म्हणायचे, "निजा. तुमच्या वजनाने बसेल."

पोरासाठी त्यांनी एक मूठ वर घातली. मग जरा विचार करून दुसरी घातली. मग दुकानात कोणी बघत नाही असं पाहून तिसरी घातली. कापूस ताजा पिंजलेला, चार दिवस उन्हात तापवलेला. असा कापूस आधी निमूट दाबून बसतो आणि माणसाची ऊब लागली की फुगतो. हे त्यांना ठाऊक होतं. पण संडासाची रुंदी त्यांनी मोजली नव्हती; त्यांचं माप नेहमी पाठीचं असे, भिंतीचं नव्हे.

दुसऱ्या बैठकीला गादीवाले ती गादी डोक्यावर घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, "ही कशाला? आराम मिळाला की माणूस सुधारत नाही."

"पोराची पाठ आहे," गादीवाले म्हणाले. "मन तुम्ही बघा."

गादी खुर्चीत गेली. उशी बसला. डॉक्टर कसेबसे आत शिरले, झाकणावर बसले, गुडघे हनुवटीला लावून. गादीवाले हॉलमध्ये माझ्याशेजारी. मी अर्धा पेपर त्यांना दिला, त्यांनी तो उलटा धरला.

"आज आपण खोलात जाऊ," डॉक्टर आतून म्हणाले. "तो किल्लीवाला. त्याचा चेहरा डोळ्यासमोर आण."

"आणला," उशी म्हणाला.

"आता त्याची किळस कर."

"जमत नाहीये. तो हसतोय."

"त्याला हसू देऊ नकोस!"

"डॉक्टर, तो माझं ऐकतो कुठे?"

डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात खुदकन हसल्या. आणि तेवढ्यात ऊब लागली.

जे घडलं ते मी पाहिलंय, आणि मी खोटं बोलायला लागलो तर माझा डावा कान हलतो, विचारा कोणालाही. गादी फुगायला लागली. आधी कणकेच्या गोळ्यासारखी हळूच. मग दोन्ही बाजूंनी खुर्चीच्या हातांवरून वाहायला लागली. उशी वर वर जायला लागला, जसं भरतीला होडकं जातं. गादीचं पुढचं टोक डॉक्टरांच्या पोटाला लागलं.

"हे काय? मागे हो!"

"मागे भिंत आहे, डॉक्टर."

डॉक्टर झाकणावर उभे राहिले. गादी त्यांच्या मागे आली. ते टाकीच्या साखळीला लोंबकळले, तर टाकी सुटली आणि त्यांचे मोजे भिजले. ते सरकत सरकत दाराकडे आले. पण माणूस हट्टी. पाय उंबऱ्याच्या आत रोवून, एका हाताने चौकट धरून, बोलणं चालूच. "मुला, काही झालं तरी उपचार थांबवायचे नसतात! तुझ्या मनात जे हे भरलंय ना, ते मी मुळापासून…"

आणि तिसरी मूठ फुगली.

बाटलीचं बूच उडावं तसे डॉक्टर उडाले. सरळ वरच्या देशात, स्वयंपाकघराच्या फरशीवर, मटाराच्या सालींत बसले. तिथे बसून, केवळ सवयीने, वाक्य पुरं केलं.

"…उपटून काढीन!"

पोलीसबाईंनी कप खाली ठेवला, पदराला हात पुसले. "पुरं केलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "अर्ध्या वाक्यावर वरिष्ठ ऐकत नाहीत."

"हा अपघात आहे! मला ढकललं!"

"कोणी?"

डॉक्टरांनी संडासाकडे बोट दाखवलं. आत गादी आणि गादीच्या वर, छताला डोकं टेकलेला, उशी. त्याचे हात बांधलेले नव्हते की त्याने ते उचललेलेही नव्हते.

"कापसावर मला बेडी घालता येत नाही," बाई म्हणाल्या.

तेव्हा डॉक्टरांचं सगळं सोंग गळालं आणि ते हॉलमधून धावत आलेल्या गादीवाल्यांकडे वळले. खरी गंमत इथे संपली, म्हणून हे जरा हळू सांगतो. ते म्हणाले, "अहो गादीवाले, मला हे फार तर आठवडाभर ठेवतील. मग मी परत येणार. त्या संडासात माझं कोणी वाकडं करू शकत नाही. तुम्ही फक्त ती गादी उसवा आणि तीन मुठी कापूस काढा. आठवड्याने पुन्हा सुरू. पोरगा तुमचा आहे. सरळ हवाय ना?"

गादीवाल्यांच्या खिशात कात्री नेहमीच असे. ती त्यांनी काढली. उशी वरून बघत होता. त्याने हेही नाही म्हटलं की बाबा, नको.

गादीवाले संडासाच्या दारात गेले. गादीची शिवण चाचपली. मग मुलाकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी, तोंडाकडे.

"परवा टोचतं म्हणालास, ते खुर्चीबद्दल होतं का?"

उशीने गादीची कड मुठीत धरली.

डॉक्टरीणबाई बोलल्या. आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्याच्या धंद्यात तोंड घातलं. "गादीवाले, यांनी त्याला सांगितलं की आईला आधीच कळलं होतं, म्हणून ती मेली. मी इथेच होते."

गादीवाल्यांनी ते ऐकलं. त्यांनी कात्री मिटली. खिशात ठेवली. खिशाचं बटण लावलं.

"आमच्याकडे घातलेला कापूस काढत नाहीत," ते म्हणाले.

"अहो पण…"

"डॉक्टर, तुमचे मोजे ओले आहेत. बदलून जा तिकडे. सर्दी होईल." आणि पाठ फिरवली. बाईंनी डॉक्टरांना बाहेर नेलं. जाता जाता ते त्या पृथ्वीच्या गोलाकडे असे बघत होते, की समुद्र कोणाचा, हाच विचार चाललेला असावा.

आता प्रश्न उशीला बाहेर काढायचा. गादी दारातून निघेना, दार आतल्या बाजूला दाबलेलं, बिजागऱ्या गंजलेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोणालातरी बोलवायला हवं. बिजागऱ्या काढता येणारा."

गावात बिजागऱ्या काढणारा माणूस एकच होता.

गादीवाले स्वतः गेले. परत आले तेव्हा किल्लीवाला त्यांच्या पुढे पळत होता, एकाच पायात चप्पल. आत शिरला, वर बघितलं आणि म्हणाला, "तू तिथे काय करतोयस?"

"बरा होतोय," उशी म्हणाला.

दोघं हसायला लागले ते थांबेचनात. गादीवाल्यांनी खाकरून बघितलं, काही उपयोग झाला नाही. मग किल्लीवाल्याने पेचकस लावला. पहिली बिजागरी निघाली, दुसरी हटून बसली. तो जोर लावायला लागला तशी गादीवाल्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगं दचकलं. त्याला वाटलं, आता बसली एक कानफटात.

"सावकाश," गादीवाले म्हणाले. "शिवण उसवेल."

दार निघालं. गादी बाहेर आली, तिच्यावरून उशी घसरत खाली आला. डॉक्टरीणबाईंनी त्याच दुपारी खुर्ची मोडीत दिली, भिंतीवरून भाच्याचा फोटो काढून पोस्टमनच्या हातात दिला आणि आपली उशी उचलून निजायच्या खोलीत नेली. तिन्ही देशांची अजून त्या संडासावरून बैठक चालू आहे. तो कोणाचा, याचा निर्णय व्हायचाय. प्रत्येक देश छातीवर हात ठेवून म्हणतो, आमचा नाही. कायदे करायला सगळे पुढे, संडास घ्यायला कोणी नाही.

गादी घरी न्यायला तिघं लागले. पुढे उशी, मागे किल्लीवाला, मधे गादीवाले डोक्याने आधार देत. सगळं गाव दारात उभं राहून बघत होतं आणि मी तर जवळून बघत होतो, कारण पेपर संपला होता. दुकानापाशी आल्यावर गादीवाले थांबले. गादी दुकानात जाईना. खुर्चीची तर ती राहिलीच नव्हती, एका माणसाच्या मानाने फार रुंद झाली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडच्या किल्लीवाल्याच्या टपरीकडे बघितलं. खिशातून मापाची फीत काढली.

"काय रे," ते किल्लीवाल्याला म्हणाले, त्याच्याकडे न बघता, "तुझं ते बाकडं रुंदीला किती आहे?"